नऊ महिन्यांतील तपासण्या: संख्येचा वाद आणि आशयाचा प्रश्न

गरोदरपणाच्या नोंदणीला मराठीत ‘दवाखान्यात नाव घालणे’ म्हणतात. नाव घातले की आजारी नसलेली, घरकाम आणि मजुरी दोन्ही करणारी बाई वैद्यकीय देखरेखीखाली येते, आणि बाळंत होईपर्यंत तिने ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा यावे अशी अपेक्षा ठेवली जाते. या क्रमाला प्रसूतिपूर्व तपासणी म्हणतात. तिची गरज आज कोणी नाकारत नाही. परंतु अशा भेटी किती असाव्यात, प्रत्येक भेटीत काय झाले पाहिजे, तपासणीत सापडलेल्या दोषावर पुढे इलाज कुठे व्हावा आणि या सगळ्याची सुरुवात नेमकी केव्हा व्हावी, या प्रश्नांवर जवळजवळ शंभर वर्षे मतभेद आहेत. भारतातील आणि विशेषतः महाराष्ट्रातील अनुभव डोळ्यांसमोर ठेवून या मतभेदांची आजची स्थिती येथे मांडली आहे.

पार्श्वभूमी

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत डॉक्टर किंवा सुईण यांचा संबंध साधारणपणे कळा सुरू झाल्यावरच येत असे. गर्भवतीची आधीपासून पाहणी केली तर अनेक अपघात टळतील, हा विचार एडिंबरोचे प्रसूतितज्ज्ञ जॉन बॅलंटाइन यांनी १९०१ मध्ये ठामपणे मांडला आणि त्याच सुमारास तेथील रुग्णालयात गर्भवतींसाठी खाट राखून ठेवण्यात आली. पुढे १९२९ मध्ये ब्रिटनच्या आरोग्य मंत्रालयाने तपासण्यांचे वेळापत्रक ठरवून दिले: पहिली तपासणी १६व्या आठवड्यात, मग २४व्या आणि २८व्या आठवड्यात, त्यानंतर ३६व्या आठवड्यापर्यंत दर पंधरवड्याने आणि शेवटी दर आठवड्याला. हे अंतर कोणत्याही तुलनात्मक अभ्यासातून निघालेले नव्हते, तरी ते जगभर रुजले. आजही महाराष्ट्रातील खासगी प्रसूतिगृहांत ‘सातव्यापर्यंत महिन्याला, मग पंधरा दिवसांनी, नववा लागला की आठवड्याला’ असे जे सांगितले जाते, त्याचे मूळ बरेचसे तेथेच सापडते.

भारतात १९४६ च्या भोर समितीच्या अहवालाने प्रसूतीशी संबंधित कारणांनी दरवर्षी सुमारे २ लाख स्त्रिया मृत्युमुखी पडत असल्याचा अंदाज दिला. स्वातंत्र्यानंतर प्राथमिक आरोग्य केंद्रे उभी राहिली, परंतु गावातल्या बाईपर्यंत तपासणी पोहोचवण्याचे काम डॉक्टरांच्या संख्येवर अवलंबून ठेवता येत नाही, हे १९७० पासून जामखेडला रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी गावातल्याच, अनेकदा निरक्षर असलेल्या स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून शिकवून दाखवून दिले. आजच्या आशा कार्यकर्तीच्या कल्पनेमागे असे अनेक अनुभव आहेत.

नऊ महिन्यांचा क्रम

भारताच्या राष्ट्रीय कार्यक्रमात किमान ४ तपासण्या अपेक्षित आहेत: पहिली १२ आठवड्यांच्या आत, दुसरी १४ ते २६ आठवड्यांदरम्यान, तिसरी २८ ते ३४ आठवड्यांदरम्यान आणि चौथी ३६व्या आठवड्यानंतर.

पहिल्या भेटीत शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसावरून अपेक्षित प्रसूतीची तारीख काढली जाते. त्या तारखेत ९ महिने आणि ७ दिवस मिळवण्याची जुनी रीत अजून चालते, मात्र पाळी अनियमित असल्यास किंवा तारीख आठवत नसल्यास सुरुवातीची सोनोग्राफी अधिक भरवशाची ठरते. वजन, उंची, रक्तदाब, रक्तगट, हिमोग्लोबिन, रक्तातील व लघवीतील साखर, लघवीतील प्रथिने यांबरोबर एचआयव्ही, गरमी आणि कावीळ ‘ब’ यांच्या चाचण्या होतात. विदर्भातील आणि नंदुरबारसारख्या आदिवासी भागांत सिकलसेलची, तर सिंधी, लोहाणा अशा काही समाजांत थॅलेसेमियाची तपासणी विशेष महत्त्वाची असते, कारण पती-पत्नी दोघेही वाहक निघाले तर प्रत्येक गर्भाला तो आजार होण्याची शक्यता चारात एक असते. याच भेटीत माता-बाल संरक्षण कार्ड मिळते.

दुसऱ्या टप्प्यात लोह आणि फॉलिक ॲसिडची गोळी रोज एक याप्रमाणे किमान १८० दिवस, कॅल्शियमची ५०० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा, जंतांसाठी अल्बेंडाझोलची एक मात्रा आणि धनुर्वात व घटसर्प यांविरुद्धची लस दिली जाते. लोह आणि कॅल्शियम एकाच वेळी घेतल्यास लोहाचे शोषण कमी होते आणि चहाबरोबर घेतल्यासही तेच घडते, ही साधी गोष्ट नीट समजावून सांगितली जातेच असे नाही. शौचाचा रंग काळा होतो, बद्धकोष्ठ होतो, मळमळते. हे गोळीमुळे होते आणि त्यात घाबरण्यासारखे काही नाही, एवढे दोन वाक्यांत सांगणारे कोणी भेटले नाही तर गोळ्यांचे पाकीट फडताळातच राहते. १८ ते २० आठवड्यांदरम्यान गर्भाच्या अवयवांची रचना पाहणारी सोनोग्राफी आणि २४ ते २८ आठवड्यांदरम्यान साखरेची चाचणी याच टप्प्यात येतात.

तिसऱ्या तिमाहीत लक्ष मुख्यतः रक्तदाब, सूज, गर्भाची वाढ आणि हालचाल यांकडे वळते. उपकेंद्रातील परिचारिका पोट तपासते ते पाहण्यासारखे असते. बाईला आधी लघवी करून येण्यास सांगून ती तिला उताणे झोपवते, मोजपट्टीचे एक टोक ओटीपोटाखालच्या हाडाच्या वरच्या कडेवर ठेवते आणि दुसऱ्या हाताच्या कडेने गर्भाशयाचा वरचा काठ चाचपते. २४व्या आठवड्यानंतर पट्टीवर येणारे सेंटिमीटर आणि गर्भाचे आठवडे यांचा आकडा जवळजवळ सारखा असावा लागतो. ३० आठवडे भरले असताना पट्टी २६ वर थांबली, तर बाळाची वाढ खुंटली आहे, पाणी कमी आहे किंवा तारखेतच चूक आहे, असे तीन प्रश्न तेथल्या तेथे उभे राहतात. मग पाठीची बाजू शोधून ठोके ऐकले जातात, जे मिनिटाला ११० ते १६० असावेत. या सगळ्याला लागणारे साहित्य अगदी स्वस्त असते. लागतो तो सराव आणि एका बाईमागे काही निवांत मिनिटे. आईचा रक्तगट ऋण आणि पित्याचा धन असल्यास साधारण २८व्या आठवड्यात अँटी-डी इंजेक्शन देण्याची पद्धत आहे. शेवटच्या तपासणीत डोके खाली आहे की मूल पायाळू आहे हे पाहिले जाते आणि प्रसूती कुठे होणार, वाहन कोणते, रक्त लागल्यास देणार कोण, हे ठरवले जाते.

किती भेटी पुरेशा?

जागतिक आरोग्य संघटनेने अर्जेंटिना, क्युबा, सौदी अरेबिया आणि थायलंड या चार देशांतील ५३ केंद्रांवर सुमारे २५ हजार स्त्रियांमध्ये केलेल्या तुलनात्मक अभ्यासाचे निष्कर्ष २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. नेहमीच्या वारंवार भेटींऐवजी ठरावीक उद्दिष्टांच्या थोड्या भेटी ठेवल्या तरी आई व बाळ यांच्या मुख्य परिणामांत फारसा फरक पडत नाही असे त्यात दिसले, आणि कमी जोखमीच्या स्त्रियांसाठी चार भेटींचा नमुना पुढे आला. अनेक गरीब देशांनी तो उचलला, कारण तो परवडणारा होता.

पुढील दशकात शंका उपस्थित झाल्या. अशा अभ्यासांचे एकत्रित परीक्षण २०१० मध्ये प्रसिद्ध झाले तेव्हा कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत, जेथे भेटी आधीच थोड्या असतात, त्या आणखी घटवल्यास प्रसूतीच्या आगेमागे होणारे बालमृत्यू काहीसे वाढत असल्याचे आढळले. मूळ माहितीच्या पुनर्विश्लेषणात ही वाढ मुख्यतः ३२ ते ३६ आठवड्यांतील गर्भमृत्यूंची असल्याचे दिसले. चार भेटींच्या नमुन्यात नेमका हाच काळ मोकळा राहत होता. परिणामी २०१६ मध्ये संघटनेने किमान ८ संपर्कांची शिफारस केली: १२, २०, २६, ३०, ३४, ३६, ३८ आणि ४० आठवडे. ‘भेट’ऐवजी ‘संपर्क’ हा शब्दही हेतुपुरस्सर निवडला गेला, कारण दवाखान्याची पायरी चढणे आणि कोणीतरी नीट विचारपूस व तपासणी करून सल्ला देणे या वेगळ्या गोष्टी आहेत.

भारताने किमान ४ हाच आकडा कायम ठेवला, मात्र २०१६ पासून प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली दर महिन्याच्या ९ तारखेला दुसऱ्या व तिसऱ्या तिमाहीतील स्त्रियांची डॉक्टरकडून तपासणी करण्याची सोय जोडली. चारच्या बाजूने असे म्हटले जाते की एका परिचारिकेकडे अनेक गावे असताना आठ घाईच्या भेटींपेक्षा चार पूर्ण भेटी हिताच्या ठरतात. आठच्या बाजूचे उत्तर असे की रक्तदाब तिसाव्या आठवड्यानंतर काही दिवसांतही चढू शकतो आणि महिन्याचे अंतर त्या वेळी घातक ठरते. दोन्ही बाजूंचे म्हणणे आपापल्या जागी खरे आहे. पण आकड्यावरील या चर्चेत भेटीच्या आत काय घडते याचे मोजमाप मागे पडले, हे मान्य करावे लागते.

जोखीम आधी ओळखता येते का?

दुसरा वाद अधिक मूलगामी आहे. ब्रिटिश साथरोगतज्ज्ञ आर्ची कॉक्रन यांनी १९७२ मध्येच प्रसूतिपूर्व तपासणीची कधी काटेकोर परीक्षा झाली नसल्याकडे लक्ष वेधले होते, आणि १९८० मध्ये ॲबरडीनच्या संशोधकांनी नेहमीच्या तपासण्यांतून अनेक गुंतागुंती पकडल्याच जात नाहीत असे दाखवले. १९८५ मध्ये ॲलन रोझेनफील्ड आणि डेबोरा मेन यांच्या गाजलेल्या लेखाने माता-बाल कार्यक्रमांत माता कुठे आहे, असा प्रश्न विचारला. या मताचा गाभा असा की प्रसूतीनंतरचा अतिरक्तस्राव किंवा अडलेले बाळंतपण बहुतेक वेळा ‘धोका नाही’ अशी नोंद असलेल्या स्त्रियांमध्येच उद्भवते, त्यामुळे भाकितावर भर देण्याऐवजी रक्त, शस्त्रक्रिया आणि वाहन यांची सोय प्रत्येकीच्या आवाक्यात आणणे श्रेयस्कर.

उलट बाजूचे म्हणणे असे की तीव्र रक्तक्षय, वाढलेला रक्तदाब, जुळी, आडवे मूल, एचआयव्ही किंवा गरमीचा संसर्ग यांवर वेळेत इलाज होतो आणि त्यांचा शोध तपासणीतच लागतो. १४०/९० च्या वर गेलेला रक्तदाब आणि लघवीतील प्रथिने यांवरून ओळखला जाणारा प्रीएक्लॅम्प्सिया, ज्याचे पुढचे रूप म्हणजे आईला येणारे झटके, हे याचे ठळक उदाहरण होय. जास्त जोखमीच्या स्त्रियांना बाराव्या आठवड्यापासून ॲस्पिरिनची लहान मात्रा दिल्यास त्याचे प्रमाण घटते, हे आता प्रस्थापित आहे. आज दोन्ही मतांचा मेळ घातला जातो. सुरक्षित मातृत्व अभियानात जोखमीच्या स्त्रीच्या कार्डावर लाल चिकटपट्टी लावतात, परंतु नसलेल्या लाल पट्टीचा अर्थ ‘निर्धोक’ असा घेतला जाऊ नये, ही जुन्या टीकेतून आलेली सावधगिरी प्रत्यक्ष व्यवहारात अजून पुरेशी उतरलेली नाही.

सोनोग्राफी आणि कायदा

ग्लासगोचे इयन डोनाल्ड यांनी १९५८ मध्ये ध्वनिलहरींनी गर्भ पाहता येतो हे प्रसिद्ध केले आणि पुढच्या काही दशकांत प्रसूतिशास्त्राचा चेहरामोहरा बदलला. तरीही कमी जोखमीच्या प्रत्येक स्त्रीची सोनोग्राफी केल्याने बाळांचे मृत्यू व आजार घटतात का, या प्रश्नावर अमेरिकेतील सुमारे १५ हजार स्त्रियांच्या १९९३ च्या अभ्यासाने नकारार्थी उत्तर दिले होते. तारीख पक्की होणे, जुळी लवकर कळणे, वार खाली असल्याचे समजणे आणि गर्भातील व्यंगे दिसणे हे लाभ मात्र सर्वमान्य आहेत, आणि जागतिक आरोग्य संघटनाही २४ आठवड्यांपूर्वी एक सोनोग्राफी सुचवते. खासगी दवाखान्यांत तीन-चार, तर दुर्गम भागात एकही नाही, अशी भारतातील विषम वाटणी आहे.

महाराष्ट्रात या यंत्राची दुसरी बाजू फार लवकर उघड झाली. गर्भलिंग निदानाविरुद्ध मुंबईत १९८० च्या दशकात उभ्या राहिलेल्या चळवळीमुळे १९८८ मध्ये देशातील पहिला कायदा याच राज्याने केला. त्यानंतर १९९४ चा केंद्रीय कायदा आणि, सेहत व मासूम या संस्था आणि साबू जॉर्ज यांच्या याचिकेनंतर, २००३ ची दुरुस्ती आली. सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या राज्यात १९९१ मध्ये ९४६ होती, ती २००१ मध्ये ९१३ आणि २०११ मध्ये ८९४ झाली. बीड जिल्ह्यात ती ८०७ इतकी खाली गेली. या आकड्यांमागे हरवलेल्या मुली आहेत. सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरांच्या संघटनांची तक्रार अशी की कायद्याने भरावयाच्या ‘एफ’ अर्जातील लेखनिकी चुकांनाही गुन्ह्यासारखी वागणूक मिळते आणि त्यामुळे ग्रामीण भागात केंद्रे टिकत नाहीत. चळवळीतील कार्यकर्त्यांचे उत्तर असे की बंद खोलीत उच्चारलेला शब्द सिद्ध करता येत नसल्याने अर्ज हाच एकमेव पुरावा असतो. हा तिढा सुटलेला नाही.

व्यंगाच्या निदानाचा प्रश्न याहून वेगळा आहे. पूर्वी गर्भपाताची मर्यादा २० आठवडे असल्याने विसाव्या आठवड्यातील सोनोग्राफीत गंभीर दोष दिसला तरी विचाराला वेळच उरत नसे. २०२१ च्या दुरुस्तीने काही गटांसाठी ती २४ आठवडे केली आणि गंभीर व्यंग असल्यास त्यापुढचा निर्णय वैद्यकीय मंडळाकडे सोपवला. डबल मार्कर, किंवा आईच्या रक्तातील गर्भाच्या डीएनएवरून होणारी चाचणी, या चाळणी चाचण्या आहेत, म्हणजे त्या निदान न करता शक्यता सांगतात. ‘२५० त एक’ या उत्तराचा अर्थ अशा २५० गर्भांपैकी २४९ मध्ये तो दोष नसतो, हे शांतपणे सांगणारा समुपदेशक बहुतेक ठिकाणी नसतो, आणि जोडपे घाबरून जाते.

साखर, रक्त आणि आहार

गरोदरपणातील मधुमेहाची रेषा कोठे आखावी यावर उघड मतभेद आहेत. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात आईची साखर वाढत जाते तसा धोकाही सलग वाढत जातो, मध्ये कुठे स्पष्ट पायरी नसते, असे दिसले. त्यावरून २०१० मध्ये उपाशीपोटी ९२, तासाने १८० आणि दोन तासांनी १५३ यांपैकी एकही आकडा गाठला तरी मधुमेह मानण्याची शिफारस झाली. भारतात चेन्नईच्या व्ही. शेषय्या यांच्या कामातून आलेली पद्धत राष्ट्रीय मार्गदर्शनात स्वीकारली गेली: बाई जेवून आलेली असो वा नसो, ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून देऊन दोन तासांनी एकदाच साखर मोजायची आणि १४० किंवा अधिक असल्यास मधुमेह मानायचा. या पद्धतीतून बऱ्याच स्त्रिया निसटतात असे टीकाकार म्हणतात, तर वाडीवरून चालत आलेल्या बाईला ‘उद्या उपाशी ये’ म्हटले की ती पुन्हा येत नाही, असा समर्थकांचा युक्तिवाद आहे.

रक्तक्षयाचे चित्र अधिक चिंताजनक आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील सुमारे ५२ टक्के आणि महाराष्ट्रातील सुमारे ४६ टक्के गर्भवतींचे हिमोग्लोबिन ११ च्या खाली होते. सर्वेक्षणात बोटाचे रक्त वापरतात, शिरेतील रक्ताचा आकडा वेगळा येतो, असा आक्षेप आहे. शिवाय जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये दुसऱ्या तिमाहीसाठी ही रेषा १०.५ वर आणली. गोळ्या न सोसणाऱ्यांना शिरेतून लोह केव्हा द्यावे, यावरही एकमत होत आहे असे म्हणता येत नाही.

पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून केईएम रुग्णालयाच्या चित्तरंजन याज्ञिक यांनी चालवलेल्या अभ्यासाने आहाराच्या प्रश्नाला वेगळे वळण दिले. तेथील नवजात बाळे इंग्लंडमधील बाळांच्या तुलनेत वजनाने कमी असूनही त्यांच्या अंगावरील चरबीचे प्रमाण त्या मानाने टिकून होते. हिरव्या पालेभाज्या आणि फळे जास्त वेळा खाणाऱ्या मातांची बाळे मोठी होती. आणि ब-१२ जीवनसत्त्व कमी व फॉलेट जास्त असलेल्या मातांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्शुलिनला प्रतिरोध अधिक आढळला. तपासणीच्या कार्डात लोह आणि फॉलिक ॲसिड आहे, ब-१२ नाही. शाकाहाराचे प्रमाण मोठे असलेल्या समाजात ही उणीव लहान म्हणता येणार नाही.

महाराष्ट्रातील वस्तुस्थिती

२०१८-२० च्या आकडेवारीनुसार दर लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यू देशात ९७ आणि महाराष्ट्रात ३३ होते, आणि राज्यातील जवळजवळ ९५ टक्के बाळंतपणे दवाखान्यात होतात. तरीही २०१९-२१ च्या सर्वेक्षणात पहिल्या तिमाहीत तपासणी झालेल्या आणि चार तपासण्या पूर्ण झालेल्या माता प्रत्येकी सुमारे ७० टक्केच होत्या, तर लोहाच्या गोळ्या १८० दिवस घेतलेल्यांचे प्रमाण जेमतेम ३१ टक्के होते. दवाखान्यात बाळंतपण ही जवळजवळ रीत झाली, त्याआधीच्या महिन्यांची देखरेख मात्र तेवढी रुजली नाही.

यामागे काही कारणे घरगुती आहेत. तीन महिने भरेपर्यंत कोणाला सांगू नये या समजुतीमुळे नोंदणी लांबते. पहिले बाळंतपण माहेरी करण्याच्या रीतीमुळे डोहाळजेवण झाले की सातव्या-आठव्या महिन्यात बाईचे गाव, दवाखाना आणि डॉक्टर तिन्ही बदलतात, म्हणजे रक्तदाबावर बारीक नजर हवी त्याच काळात जुनी फाईल सासरच्या कपाटात राहते.

ऊसतोड कामगार स्त्रियांची अवस्था सर्वांत बिकट आहे. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून दिवाळीच्या सुमारास निघालेली कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात वसंतापर्यंत फडावर राहतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो, मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते आणि एक दिवस चुकला की ‘खाडा’ पडून पैसे कापले जातात. तेव्हा सहाव्या महिन्यातली तपासणी म्हणजे दोघांचा बुडालेला रोज. गावची आशा कार्यकर्ती शेकडो किलोमीटर मागे असते आणि पालावर येणारी परिचारिका त्या बाईला ओळखत नसते. मेळघाट, गडचिरोली येथील आदिवासी स्त्रियांसाठी प्रसूतीपूर्वी आरोग्य केंद्राजवळ राहण्याची ‘माहेरघर’ योजना आणि गरम आहाराची अमृत आहार योजना आहे. हलत्या लोकसंख्येसाठी त्या तोडीची व्यवस्था उभी राहिलेली दिसत नाही.

अनिर्णित राहिलेले

चार की आठ हा प्रश्न बहुधा प्रत्येक राज्य आपल्या मनुष्यबळाप्रमाणे सोडवील. भेटीचा दर्जा कसा मोजावा हा प्रश्न त्याहून अवघड आहे. रक्तदाब मोजला, रक्त-लघवी तपासली आणि धोक्याची लक्षणे सांगितली, या तिन्ही गोष्टी एकाच बाईच्या बाबतीत घडल्या का, हे विचारले की टक्केवारी झपाट्याने घसरते. कार्ड आणि संगणकीय नोंद बाईबरोबर सासर-माहेर-फड असा प्रवास करू शकेल का, हा तितकाच महत्त्वाचा व्यावहारिक प्रश्न आहे.

सर्वांत मूलभूत मतभेद मात्र सुरुवातीविषयीच आहे. गर्भाच्या मेंदूची व मज्जारज्जूची नळी गर्भधारणेनंतर सुमारे २८ दिवसांत मिटते, म्हणजे बहुतेक स्त्रियांनी नाव घालण्यापूर्वीच. त्यामुळे तिच्यातील दोष टाळणारे फॉलिक ॲसिड पहिल्या भेटीत देणे अनेकदा उशिराचे ठरते. मुंबईच्या झोपडवस्त्यांत २००६ पासून झालेल्या एका अभ्यासात पालेभाजी, फळे आणि दूध यांपासून बनवलेला पदार्थ स्त्रियांना गर्भधारणेपूर्वीपासून रोज दिला गेला: एकूण गटात जन्मवजनावर ठोस परिणाम दिसला नाही, परंतु फार कृश नसलेल्या आणि गर्भधारणेआधी किमान तीन महिने तो खाल्लेल्या मातांची बाळे वजनाने काहीशी अधिक भरली व गरोदरपणातील मधुमेह कमी आढळला. यावरून काही तज्ज्ञ देखरेख लग्नानंतर लगेच सुरू करावी असे म्हणतात, तर इतरांना त्यात नवविवाहितेवर मुलासाठी पडणाऱ्या दडपणात सरकारी भर पडण्याची भीती वाटते. आशा कार्यकर्तीजवळ पात्र जोडप्यांची नोंदवही आजही असते, पण तिचा उपयोग मुख्यतः कुटुंबनियोजनासाठी होत आला आहे. त्याच वहीतून दिवस जाण्याआधीच फॉलिक ॲसिड आणि हिमोग्लोबिनची तपासणी घरोघरी न्यावी का, आणि नेली तर ज्या बाईला इतक्यात मूल नको आहे तिच्याशी ते कोणत्या शब्दांत बोलावे, हे अजून कोणी ठरवलेले नाही.